मुद्दल

संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी सतरंजी अंथरली जायची. नेवासा तालुक्यातलं गाव. वीज असली तर बल्ब, नसली तर कंदील. आजी भिंतीला टेकून, आई चुलीवरचं उतरवून पदराला हात पुसत, आम्ही तिघं भावंडं मांडी घालून, आणि मध्ये दादा, म्हणजे माझे वडील. एक गीत, एक अध्याय, मग दादांची प्रार्थना. ती लांबली की धाकटा पेंगायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. दादा मिशनच्या शाळेत मास्तर. चौथीच्या वर्गात बोलले तर पाटापलीकडे ऐकू जावं असा आवाज. आमचे आवाज त्या आवाजाचं बोट धरून चालायचे.

१९८८ च्या जूनपासून तो आवाज प्रार्थनेत एका जागी थांबायला लागला. रोजची भाकर मागून झाली की ऋणांची ओळ येते. तिथे दादा गप्प. ओठसुद्धा हलायचे नाहीत. आजीचा घोगरा, आईचा पुटपुटता आणि आमचे तीन चिरके आवाज ती ओळ कशीबशी पलीकडे न्यायचे आणि पुढच्या ओळीला दादा पुन्हा सामील व्हायचे. पहिल्या दिवशी वाटलं, ठसका लागला असेल. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं होतं, पण बोललं कोणी नाही. धाकट्यानेच एकदा विचारलं, "दादा, तुम्हाला ती ओळ येत नाही का?"

"येते. पण देवासमोर खोटं बोलू नये," दादा म्हणाले आणि सतरंजीची घडी घालायला उठले.

ती ओळ मराठीत कशी आहे हे माहीत असल्याशिवाय दादांची अडचण कळायची नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातून घेतलेल्या आमच्या प्रार्थनेत तिथे पाप नाही, अपराध नाही. ऋण आहे. लूकने पाप लिहिलं; मत्तय पडला जकातदार, त्याने ऋण लिहिलं. येशू ज्या अरामी बोलीत बोलायचा तिच्यात कर्जाला आणि पापाला एकच शब्द होता म्हणतात. शिवाय मराठीत वाक्याची चाल अशी की आधी आपण आपल्या ऋण्यांना सोडल्याचं सांगायचं आणि मग आपलं सोड म्हणून मागायचं. सोडतो नाही, सोडू नाही. सोडलेलं आहे, असं. काम झाल्याची पावती आधी दाखवायची. जो मास्तर मुलांना काळ शिकवतो त्याला हा पूर्ण वर्तमानकाळ उच्चारणं जड जाणारच.

आजी मात्र म्हणायची, ही ओळ नगर जिल्ह्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. इथे प्रत्येकाच्या घरात कोणाचं तरी खत पडलेलं असतंच.

आजीचं माहेर पारनेरकडचं. तिच्या आजोबांनी सावकारांविरुद्धचं बंड डोळ्यांनी पाहिलं होतं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि मागितलं काय, तर खतं. रोखे, वह्या, चोपड्या. दिल्या तर तिथल्या तिथे होळी. नाही दिल्या तर मग घरालाच काडी. हे लोण बघता बघता नगर जिल्ह्यात आलं, पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत.

कारणं पुस्तकात सापडतात. अमेरिकेत यादवी चालू होती तोवर, म्हणजे १८६१ ते ६५, इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि सावकार मागेल त्याला कर्ज देत होता. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यात सरकारने शेतसारा वाढवला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. पण मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची. खत तीन वर्षांपुरतंच चालेल, असा तो कायदा. हेतू चांगला, की व्याज साचत जाऊ नये. सावकाराने त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवं खत. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं, ती बेरीज हेच नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज, आणि खाली शेतकऱ्याचा अंगठा. दहा-बारा वर्षांनी मूळ कर्ज कशासाठी काढलं होतं, बैलासाठी की लग्नासाठी, हे कुळाला आठवायचं नाही आणि सावकाराला आठवायची गरज नसायची.

आजीचे आजोबा त्या वर्षी गावचे येसकर. पोलीस आले तेव्हा त्यांच्यापुढे कंदील धरून हेच चालले. त्यांचं म्हणणं आजी त्यांच्याच ढंगात सांगायची: "कागद जळला, पर आकडा कुठं जळतो? सावकाराच्या बी डोक्यात, कुळाच्या बी डोक्यात." पुढे १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या दिलाशासाठी कायदा केला आणि कोर्टांना खताच्या मागे जायची मुभा दिली. कागदावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून, मुळात दिलं किती होतं, हे न्यायाधीशाने खणून काढायचं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. आमच्या घराण्यात असा न्यायाधीश कोणी नेमला असता तर बरं झालं असतं.

कारण आमचंही एक खत होतं, आणि ते तीन पिढ्या नवं होत राहिलं.

माझे पणजोबा १९०० च्या दुष्काळानंतर मिशनमध्ये आले. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. 'ज्ञानोदय' तिथूनच १८४२ मध्ये निघाला. पणजोबा आधी मिशनच्या शाळेत लिहायला शिकले, मग तिथेच शिकवायला लागले आणि त्यांनी येसकरपाळी सोडली. गावकीचं काम महारांच्या घरांत पाळीने फिरायचं: सांगावा नेणं, सरकारी माणसापुढे धावणं, मेलेलं ढोर ओढणं. त्याच्या बदल्यात बलुतं आणि हाडकी, म्हणजे इनामाच्या जमिनीत वाटा. थोरला भाऊ म्हणाला, पाळी नाही तर वाटा नाही. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही असा कायदा १८५० मध्येच झाला होता, पण कायदा झाला कलकत्त्यात आणि हाडकी बांधलेली चाकरीला. पणजोबांचं नाव वाट्यातून गेलं. त्यांनी थोरल्याच्या दारात जाणं बंद केलं. थोरल्याने आपल्या विहिरीवर (ती आधी दोघांची होती) पणजीला घागर बुडवू दिली नाही. गावाने वाटेला लावलेली माणसं, आणि त्यांनी पुन्हा एकमेकांना वाटेला लावलं.

आमच्या घरात ही गोष्ट नेहमी पणजोबांच्या बाजूने सांगितली गेली. आता वय झाल्यावर वाटतं, थोरल्याचंही काही चुकलं नव्हतं. एक भाऊ शाळेत फळ्यावर अक्षरं काढणार आणि त्याच्या वाटणीचं ढोर ओढणार कोण? थोरलाच.

खत नवं होत गेलं. आजोबांच्या लग्नात बोलावणं नाही. त्यांच्याकडच्या मयताला आमचे गेले नाहीत. १९५६ मध्ये थोरल्याची घरं बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध झाली. त्यांनीही पाळी सोडली. १९५८ च्या कायद्याने वतनच संपलं. म्हणजे ज्यावरून भांडण, ती पाळी गेली, ती चाकरी गेली, मुद्दलच राहिलं नाही. व्याज तेवढं चालू. त्यात सरकारनेही भर घातली. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. बौद्धांना त्या केंद्रात १९९० मध्ये मिळाल्या, आम्हाला नाहीत. एकाच पणजोबाच्या बापाची लेकरं, एकाच विहिरीवरून हाकललेली. हे खत मात्र कोणाच्या नावावर फाडायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ.

आजी तेव्हा पन्नाशीत. आजोबा वारलेले. दुष्काळी कामावर खडी फोडायला सगळा गाव. पाटलाची सूनसुद्धा तोंडावर पदर ओढून येऊन बसायची. आजीच्या शेजारी मुकादमाने नेमकी थोरल्याच्या घरातली सून बसवली, नात्याने आजीची चुलत जाऊ. दोघी पंधरा दिवस पाठीला पाठ लावून बसल्या. खडी फोडताना डोळ्यांत कपची जाते म्हणून तोंड फिरवावं लागतं. यांना निमित्तच मिळालं. सोळाव्या दिवशी आजीला उन्हाने भोवळ आली. शुद्धीवर आली तेव्हा जाऊबाई तिच्या तोंडाला पितळी लावून बसली होती. पितळीत लाल मिलोच्या कण्या, मीठ नसलेल्या. अमेरिकेतून आलेलं ते जोंधळ्यासारखं धान्य, त्याचा वास मेला कशानेच जायचा नाही, असं आजी नाक मुरडून सांगायची.

आजीने तोंड फिरवलं. जाऊबाई म्हणाली, "खा गं. भांडाया बी अंगात बळ लागतं."

आजी हसली. हसताना कण्या घशात गेल्या. तीन पिढ्यांचं भांडण असं ठसका लागून मिटलं.

मला या गोष्टीत आवडतं ते पुढचं. संध्याकाळी पितळी घासून परत करायची वेळ आली. भांडं रिकामं परत करायचं नाही हा आपला रिवाज, आणि घरात होतं काय? आजीने सगळी गाडगी उलटी करून पाहिली. शेवटी पितळीत मूठभर मीठ घातलं आणि सत्तर वर्षांनी आमच्या घरातलं माणूस थोरल्याच्या दारात गेलं. "तुझ्या कण्या आळणी होत्या," म्हणाली.

ख्रिस्ती कोण आणि क्षमा कोणी केली, असा प्रश्न मी लहानपणी आजीला विचारला होता. रविवारच्या शाळेत आम्ही नेहमी क्षमा करणाऱ्यांच्या बाजूला असायचो, म्हणून. आजी म्हणाली, "मला कण्या मिळाल्या, तिला मीठ मिळालं. तू गप पाठांतर कर."

एवढं सगळं ऐकत वाढलेला माणूस म्हणजे माझे दादा. तरी १९८८ च्या जूनमध्ये त्यांचा आवाज त्या ओळीला बसला.

झालं होतं असं. शाळेच्या फीचे पैसे टेबलाच्या खणात असायचे, किल्ली दादांकडे. दादांचे जोडीदार म्हणजे दुसरे मास्तर. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि त्यांनी खणातून ३४० रुपये घेतले. किल्ली कुठे टांगलेली असते ते त्यांना माहीत होतं. पगार झाला की ठेवणार होते. त्याआधी तपासणी आली. पैसे कमी, किल्ली दादांकडे. वरच्या मंडळींनी दोघांनाही समोर बसवून विचारलं. काका खाली बघत राहिले. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि तेही काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. पैसे भरून द्यायला आईच्या दोन बांगड्या गेल्या. नोकरी तरीही गेलीच. दादा पुढे एका साखर कारखान्याच्या काट्यावर कारकून म्हणून लागले. हंगामात रात्रभर उसाच्या बैलगाड्यांची वजनं लिहायची, हंगाम संपला की घरी.

मी त्या वर्षी बारावी झाले होते. नगरला डीएडला नंबर लागला होता. यादीत नाव बघून आले होते. पुढच्या मे महिन्यात माझं लग्न झालं.

काका आमच्याच मंडळीत होते. दर रविवारी उपासना संपली की दारात सगळे एकमेकांना सलाम करायचे. काका "सलाम, मास्तर" म्हणायचे. दादाही "सलाम" म्हणायचे, नाव न घेता. प्रभुभोजनाचं ताट बाकावरून सरकत आलं की दादा भाकरीला हात न लावता ते पुढे द्यायचे. वेदीपाशी येण्याआधी भावाशी समेट कर असं सांगितलेलं आहे, आणि दादा सांगितलेलं शब्दशः घेणारे. पाळकसाहेब येऊन बसले, समजावलं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला सांगितला: राजाने एका चाकराला दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं आणि त्या चाकराने बाहेर पडल्या पडल्या शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. पाळकसाहेब म्हणाले, शंभर दीनार म्हणजे किरकोळ रक्कम हो.

इथे दादा उसळले. दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. "शंभर दिवसांची मजुरी किरकोळ? शंभर दिवस खडी फोडून बघा, साहेब."

उपदेश करणारे नेहमी हा दुसरा आकडा लहान करून सांगतात, असं माझंही मत आहे. एक तलांत म्हणजे सहा हजार दीनार. दहा हजार तलांत फेडायला त्या चाकराला सहा कोटी दिवस राबावं लागलं असतं. तो आकडा थट्टेतलाच आहे. पण शंभर दीनार खरे आहेत. कोणाच्या तरी घरातली तीन महिन्यांची भाकर आहे ती. येशूने ते शून्य आहेत असं म्हटलेलं नाही. काहीच घेणं नसेल तर सोडायचं काय?

हंगाम नसला की दुपारी दादा आजीला 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायचे. लक्ष्मीबाई टिळक आमच्याकडे घरातल्या बाईसारख्या. आजीच्या आईने त्यांना राहुरीला पाहिलं होतं. रेव्हरंड टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला विचारून नव्हे. पदरी लहान दत्तू. चार-पाच वर्षं ती बाई नातेवाइकांच्या आधाराने राहिली, आणि मग आपल्या पायांनी नवऱ्याकडे गेली; १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाली. १९३४ पासून त्यांच्या आठवणी भागाभागांनी छापून आल्या, आणि त्यांत काय नाही? नवऱ्याचा विक्षिप्तपणा, राग, फेकलेली भांडी, दिवसचे दिवस पत्ता न लागू देता निघून जाणं. आजी ऐकताना हसून हसून डोळे पुसायची. एकदा म्हणाली, "बाई एक बी गोष्ट इसरली न्हाई बघ. समदं मांडून ठिवलं, आन् मागितलं काईच न्हाई."

दादा काही बोलले नाहीत. पान उलटलं.

१९९९ चा जानेवारी. ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, रात्री गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. बारीपाद्याच्या कुष्ठरोग्यांना सोडून त्या लगेच निघूनही गेल्या नाहीत. मंडळीत सगळे गहिवरले. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. दादा बातम्या बघता बघता उठून अंगणात गेले आणि बराच वेळ बाजेचं सुंभ घट्ट करत बसले. मला वाटलं, भारावले असतील. तर आत येऊन रागाने म्हणाले, "इतक्या लवकर? बाई आहे का कोण?"

रात्री झोपताना पुन्हा बोलले, अंधारात, आईला की मला कोण जाणे. "दोन लेकरं. आणि माझे तीनशे चाळीस रुपये."

आता इथे दादा बदलले असं लिहिता आलं असतं तर सोपं झालं असतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंजीवर ती ओळ आली आणि दादा गप्पच होते. मला तर वाटतं, ग्लॅडिसबाईंमुळे त्यांना ते आणखीच अवघड झालं. पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं की त्या बाईंनी क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, शिक्षेचं काय ते कायदा बघेल अशी त्यांची भूमिका आहे. तेव्हा मात्र मान हलवली. "हिशोब पक्का आहे बाईंचा," म्हणाले. काट्यावरच्या कारकुनाकडून याहून मोठी शाबासकी नाही.

काकांची बायको २००१ च्या फेब्रुवारीत गेली. ज्या ऑपरेशनसाठी पैसे गेले होते त्यानंतर तेरा वर्षं जगली. दफन संध्याकाळी. पाळकसाहेब नगरहून यायचे होते; एसटी वाटेत बंद पडली. दिवस मावळायला आला, पेटी कबरीपाशी ठेवलेली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तुम्हीच करा आता." दादा पुढे झाले. मी नुकतीच पोहोचले होते, बायकांत मागे उभी होते. दादांनी वचन वाचलं, मातीला माती झाली, आणि शेवटची प्रार्थना सुरू केली. पन्नास-साठ माणसं त्या आवाजामागे चालायला लागली.

भाकरीची ओळ झाली. दादा थांबले.

घरात ते थांबले की आम्ही ओळ ओढून न्यायचो. इथे कोणाला सवय नव्हती; पुढचा आवाज थांबला म्हणून सगळे थांबले. पाटाचं पाणी ऐकू येत होतं. कोणाचं तरी लेकरू "काय झालं?" म्हणालं आणि त्याच्या तोंडावर हात गेला. काका कबरीच्या कडेला मुठीत माती धरून उभे होते. त्यांनी ती ओळ म्हणायला सुरुवात केली. एकट्यानेच. आवाज फुटत होता. ओळीचा पहिला भाग आपल्या ऋण्यांना सोडल्याचा. तो त्यांनी म्हटला आणि पुढे त्यांना जमेना. ज्याच्यावर ऋण आहे त्याने आपण सोडलं म्हणायचं, आणि मग मागायचं, हे त्यांच्या बहुतेक तेव्हा ध्यानात आलं.

दुसरा भाग दादांनी उचलला. आपलं सोड, म्हणून मागण्याचा. पहिला भाग त्या दिवशीही त्यांच्या तोंडून निघाला नाही, हे माझ्याइतकं नीट कोणी ऐकलं नसेल.

आठव्या दिवशी काका घरी आले. पाकिटात चारशे रुपये होते. दादांनी मोजले, तीनशे चाळीस बाजूला काढले आणि साठ परत दिले. "व्याज नको," म्हणाले. आईने चहा केला. त्या संध्याकाळी दादांनी पूर्ण ओळ म्हटली. नंतरही काही वेळा ते अडायचे, विशेषतः हंगामात, रात्रपाळीने अंग मोडून आलेलं असलं की. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा म्हणायचे. प्रभुभोजनाची भाकर मात्र त्यानंतर त्यांनी एकदाही चुकवली नाही. सत्तर गुणिले सात करून सांगितलंय ते काही उगीच नाही, असं ते म्हणायचे. गुन्हा एकच असला तरी तेवढ्या वेळा सोडावा लागतो.

ते तीनशे चाळीस दादांनी आईच्या हातात दिले. आई आयुष्यभर मोठ्याने फारसं बोलली नाही. त्या दिवशी नोटा हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही सोडलं, बरं केलं. बांगड्या माझ्या होत्या. सोनाराकडं जाऊन दोन बांगड्यांचा आजचा भाव विचारून या." दादांना उत्तर सुचलं नाही. मुद्दल-व्याजाचा त्यांचा पक्का हिशोब सोन्यापाशी येऊन अडला.

आणि माझं डीएड? ते कोणाच्या खात्यावर मांडायचं? बाहेरून बीए केलं, पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासत तीस वर्षं गेली, वाईट गेली असं नाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या दुरुस्त करताना कधी कधी फळा दिसायचा, एवढंच. दादांनी त्यांचं ऋण सोडलं. माझ्या वतीने सोडायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. मला मात्र लोकांनी धरून चाललं, की घरातल्या मोठ्यांचं मिटलं, म्हणजे सगळ्यांचं मिटलं. प्रार्थनेत मी ती ओळ म्हणते. मोठ्याने म्हणते. दादांइतकी प्रामाणिक मी नाही.

आई-दादा आता नाहीत. काका आहेत, ऐंशी उलटलेत, चिंचवडला मुलाकडे असतात आणि आमच्याच मंडळीत येतात. दारात माझा हात हातात धरून "सलाम, बाळ" म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही फारसं, त्यामुळे मी तोंड कसं करते ते त्यांना कळत नसावं. मागच्या नाताळात त्यांच्या सुनेने डबा पाठवला. करंज्या, शंकरपाळ्या, वर पिशवीत घट्ट बांधलेला चिवडा. करंज्यांच्या मुरडीला हात चांगला आहे पोरीचा. आमच्याकडे त्या पहिल्याच दिवशी संपल्या. मीच चार खाल्ल्या.

डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. घासून, पुसून, पालथा घातलेला. नवरा विचारतो, एवढा मोठा डबा जागा अडवतोय, देऊन का टाकत नाहीस? मी म्हणते, रिकामा कसा देऊ. मग काहीतरी घाल त्यात, तो म्हणतो. काल मी झाकण काढून आत बघितलं आणि पुन्हा लावलं. मिठाची बरणी शेजारीच असते.